कार्ड आणि पंप एकाच आठवड्यात : कृषी आयुक्त आणि कृषी विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे,
तसेच राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांतील कीटकशास्त्र व कृषिविद्या विभागांचे प्रमुख यांस

विषय : तणनाशकांचा ट्रायकोग्रामा व इतर परजीवी माश्यांवर होणारा परिणाम तपासून तो शिफारशींत आणण्याबाबत

महोदय,

मी गेली एकोणीस वर्षे सांगली जिल्ह्यात ट्रायकोकार्ड तयार करण्याचे काम करतो. ज्वारीच्या भरडीवर कॉर्सीरा पतंगाच्या अळ्या वाढवायच्या, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पतंग निघू लागले की ते गोळा करून त्यांची अंडी घ्यायची, ती चाळून स्वच्छ करून अतिनील दिव्याखाली धरायची, डिंक लावलेल्या कार्डावर पसरायची आणि मग ही कार्डे ट्रायकोग्रामाच्या माश्यांबरोबर बंद करून ठेवायची, असे हे काम आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरट अंडी काळी पडतात. काळे पडणे म्हणजे आत आता पतंगाची अळी नाही, माशीचे पिल्लू वाढते आहे, याची खूण. साधारण पोस्टकार्डाएवढ्या एका कार्डावर अशी सुमारे २०,००० अंडी मावतात. शेतकरी ते कार्ड पट्ट्या कापून नेतो, उसाच्या पानांच्या खालच्या बाजूला टाचतो, आणि दोन-चार दिवसांत त्यातून निघालेल्या माश्या खोडकिडीच्या अंड्यांचा शोध घेऊन त्यांत आपली अंडी घालू लागतात, म्हणजे कीड अंड्यातच संपते.

हे पत्र लिहिण्याचे कारण मागच्या उन्हाळ्यात घडले. सुरू हंगामाच्या उसाला पस्तीस-चाळीस दिवस झाले होते, खोडकिडीने वाळलेले मधले कोंब, म्हणजे पोंगे, दिसायला लागले होते, म्हणून एका तरुण शेतकऱ्याने माझ्याकडून कार्डे नेली. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या शेताकडून जात होतो म्हणून सहज आत शिरलो. सरीत उभे राहून एक पान उलटून पाहिले, तर कार्डाच्या पट्टीवर पांढरट थर वाळून बसला होता. आदल्या दिवशी त्याने २,४-डी आणि मेट्रिब्युझिन ही तणनाशके मिसळून पंप मारला होता. मी विचारले तेव्हा तो अगदी सरळपणे म्हणाला, "काका, तुमीच सांगितलं हुतं कार्ड लावल्यावर किड्याचं औषध मारायचं न्हाई. हे तर गवताचं औषध हाय." त्याची काहीच चूक नव्हती. माझ्या पाकिटातल्या चिठ्ठीवर 'कार्ड लावण्यापूर्वी व नंतर काही दिवस रासायनिक कीटकनाशक फवारू नये' एवढेच छापलेले आहे. तणनाशकाचा शब्द त्यात नाही. आणि ज्या शिफारस-पुस्तिकांवरून मी ती चिठ्ठी तयार केली, त्यांतही तो नव्हता.

ती पट्टी मी घरी आणून भिंगाखाली पाहिली. ज्या अंड्यातून माशी निघते त्याला एक गोल, स्वच्छ भोक पडलेले असते, कारण ती आतून कवच कुरतडून बाहेर येते. त्या पट्टीवर पुष्कळ काळी अंडी भोकाविना तशीच राहिलेली होती. ऊन कडक होते, त्यामुळे त्यांतली काही उन्हानेही गेली असतील, आणि एका पट्टीवरून सिद्धान्त मांडू नये एवढे मलाही कळते. परंतु ज्या दिवसांत आपण ऊस उत्पादकाला कार्ड लावायला सांगतो नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे लागणीनंतर तीस ते पंचेचाळीस दिवसांच्या दरम्यान, त्याला उगवणीनंतरचे तणनाशकही मारायला सांगतो, आणि या दोन शिफारशी आजवर एका कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या गेलेल्या नाहीत, एवढे मात्र मी खात्रीने सांगतो. एक शिफारस कीटकशास्त्र विभागातून निघते, दुसरी कृषिविद्या विभागातून, आणि त्यांची भेट होते ती थेट शेतकऱ्याच्या सरीत.

'किड्याचे औषध' आणि 'गवताचे औषध' हा भेद शेतकऱ्याच्या मनात पक्का आहे, आणि तो आपणच पक्का केला आहे. कायद्याने मात्र तो भेद केलेला नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात तणनाशकेही 'कीटकनाशक' या एकाच संज्ञेखाली येतात. डब्यावरचा त्रिकोणही शेतकऱ्याला फसवतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ठरतात ते सस्तन प्राण्यांवरील विषारीपणावरून, म्हणजे उंदराच्या शरीराला किती मात्रेत ते मारक ठरते यावरून. हिरवा त्रिकोण पाहून शेतकरी समजतो की हे औषध सगळ्यांनाच सौम्य आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीबद्दल तो त्रिकोण एक अक्षर बोलत नाही.

त्या आकाराचा जरा विचार करावा, ही विनंती. ट्रायकोग्रामाची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्या पंपाच्या नोझलमधून निघणारा एक मध्यम थेंब सुमारे पाव मिलिमीटरचा असतो, म्हणजे तिच्या निम्म्या लांबीचा. माणसाच्या अंगावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबाशी याची तुलनाच होत नाही. थेंब अंगावर पडला नाही तरी पानावर वाळलेल्या थरावरून ती चालते, आणि पानावरच्या दवावर तोंड टेकते. अंड्याच्या कवचाच्या आत असते तोवर तिला थोडे संरक्षण असते; प्रयोगशाळांतील चाचण्यांतही कवचातील अवस्था प्रौढ माशीपेक्षा जास्त तग धरते असे दिसते. पण बाहेर येताना तिला ते कवच तोंडाने कुरतडावे लागते, आणि कवचावर औषध वाळलेले असेल तर तिचा पहिला घास तोच असतो.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते. ग्लायफोसेटसारखे तणनाशक वनस्पतींतल्या शिकिमेट नावाच्या रासायनिक मार्गावर काम करते, तो मार्ग प्राण्यांत नसतो, म्हणून कीटकांना धोका नाही, असे विक्रेतेही सांगतात आणि काही प्रशिक्षणांतही मी ऐकले आहे. यात दोन गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे डब्यात फक्त मूळ घटक नसतो. द्रावण पानावर पसरावे, आत शिरावे म्हणून त्यात पृष्ठसक्रिय द्रव्ये घातलेली असतात, आणि साबणासारखी ही द्रव्ये लहान कीटकाच्या अंगावरचा मेणचट थर व श्वासाची छिद्रे यांना त्रासदायक ठरू शकतात. ग्लायफोसेटबरोबर वापरल्या जाणाऱ्या अशाच एका द्रव्यावर, पॉलिएथॉक्सिलेटेड टॅलो अमाइनवर, युरोपीय संघाने २०१६ मध्ये बंदी घातली. ब्राझीलमध्ये सोयाबीन आणि मक्याच्या शेतीसाठी ट्रायकोग्रामा प्रेटिओसम या जातीवर तणनाशके तपासली गेली, तेव्हा ग्लायफोसेटचीच वेगवेगळी व्यापारी रूपे एकमेकांपासून वेगळी निघाली. काहींनी माशीच्या अंडी शोधण्याच्या क्षमतेला फारसा धक्का लावला नाही, काहींनी लावला. म्हणजे 'ग्लायफोसेट सुरक्षित आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे, कोणत्या क्षाराचे, कोणत्या द्रव्यांसह आणि किती मात्रेत असे विचारावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की प्राण्यात तो मार्ग नसला तरी प्राण्याच्या पोटातल्या जिवाणूंत असतो. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मधमाश्यांवर काम करून दाखवले की ग्लायफोसेटमुळे त्यांच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे प्रमाण ढळते आणि रोगकारक जिवाणूपुढे त्या दुबळ्या पडतात. परजीवी माश्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण 'मार्ग नाही म्हणून धोका नाही' हे विधान त्यानंतर तरी शेतकऱ्यापुढे बिनदिक्कत करू नये.

माझ्या मते मात्र याहून मोठे नुकसान वेगळ्याच वाटेने होते, आणि ते कोणत्याही काचेच्या नळीत दिसत नाही. प्रौढ माशीला जगायला साखर लागते. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही मधाचे पातळ ओरखडे कागदावर ओढून नळीत ठेवतो. एकदा मध द्यायचा राहून गेला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नळीच्या तळाशी काळी भुकटी पडलेली दिसते, ती या माश्यांची. मध मिळाला तर त्याच माश्या आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक जगतात, आणि जितके दिवस जगतात तितकी अधिक अंडी शोधतात. शेतात तो मध कुठून येणार? कापसाच्या पानाच्या मधल्या शिरेवर, खालच्या अंगाला, एक बारीक खळगा असतो; सकाळी पान उलटून पाहिले तर त्यात चिकट थेंब चमकताना दिसतो. हा फुलाबाहेरचा मध. चवळीच्या शेंगांच्या देठाशी तो असतो, एरंडाच्या पानाच्या देठावरही असतो. म्हणून कापूस किंवा चवळीत या माश्यांना थोडाफार आधार पिकातच मिळतो. उसाचे तसे नाही, मक्याचेही नाही. उसाच्या हिरव्यागार फडात माशीच्या दृष्टीने दुष्काळच असतो. मावा असेल तर त्याचा चिकटा, नाहीतर बांधावरची, सरीतली, पाटाच्या कडेची फुले, एवढाच तिचा शिधा.

आता बांधाकडे पाहा. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या बांधांवर एकदांडी, कुर्डू, टाकळा, आघाडा, घोळ, रानतुळस आळीपाळीने फुलत असत. बायका त्यातले गवत कापून जनावरांना नेत, बाकीचे उभे राही. आज पावसाळा संपता संपता बहुतेक बांध गंजल्यासारखे तांबूस दिसतात, कारण कापण्याऐवजी फवारणे स्वस्त पडते, आणि बांध 'स्वच्छ' ठेवणे हे कष्टाळू शेतकऱ्याचे लक्षण मानले जाते. ग्लायफोसेटला आपल्या देशात मान्यता आहे ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. बांध हीच ती पीक नसलेली जागा. म्हणजे कायद्याने ज्या ठिकाणी ते मारायची मुभा आहे, नेमके तेच परजीवी माश्यांचे घर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच व्हावी अशी अधिसूचना काढली, ती माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याचे कारण देऊन. त्या चर्चेत बांधावरच्या कीटकांचा विषय आला असता तर मला समाधान वाटले असते.

फुलांचा आणि परजीवी माश्यांचा संबंध आपल्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी टाकण्याची पद्धत मराठवाड्यात आणि नगरकडे पुष्कळांनी पाहिली असेल. कोथिंबिरीचे फूल उथळ असते, म्हणून आखूड तोंडाच्या माशीलाही त्यातला मध पोचतो. घाटेअळीच्या लहान अळ्यांत अंडी घालणारी कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही माशी अशा शेतात अधिक काम करते, हे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेच्या पाटनचेरू येथील शास्त्रज्ञांनी हरभऱ्यात तपासून सांगितले आहे. शेपू, बडीशेप, ओवा यांची फुलेही त्याच घडणीची. उसात रुंद पानांची तणे मारण्यासाठी २,४-डी फवारायचे ठरले, की ही आंतरपिके आपोआपच वर्ज्य होतात, कारण तीही रुंद पानांचीच.

अन्नाबरोबर घराचाही प्रश्न आहे. पिकातली कीड वर्षभर नसते; मधल्या काळात परजीवी माशीला दुसऱ्या कुठल्या तरी किड्यावर दिवस काढावे लागतात, आणि तो किडा बहुधा रानटी झाडावर असतो. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागांची गोष्ट कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. द्राक्षावरच्या तुडतुड्याच्या अंड्यांत अॅनाग्रस ही बारीक माशी वाढते, पण हिवाळ्यात तो तुडतुडा प्रौढ अवस्थेत असतो, त्याची अंडी नसतात. माशी तो हिवाळा काढते ती जवळच्या रानटी ब्लॅकबेरीच्या झुडपांवर, तिथल्या वेगळ्याच तुडतुड्याच्या अंड्यांत. १९६० च्या दशकात हे लक्षात आले, आणि ज्या बागांशेजारी ती झुडपे शिल्लक होती तिथे तुडतुडा आटोक्यात का राहतो याचा उलगडा झाला. आमच्या तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांना आणि त्यांच्या बांधांना लागून अशी कोणती झुडपे आहेत, त्यांवर कोणत्या माश्या उन्हाळा काढतात, याचा शोध घेणे विद्यापीठांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अवघड नाही.

तणनाशकाने पीकच बदलते, हाही भाग आहे. १९७६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ओका आणि पिमेंटेल यांनी मक्यावरचे काम प्रसिद्ध केले होते. २,४-डी मारलेल्या मक्यावर मावा आणि खोड पोखरणारी अळी यांचे प्रमाण न मारलेल्या मक्यापेक्षा जास्त आढळले. तणनाशकाने न मेलेले पीकही आतून बदलते, कधी किडीला अधिक पोषक होते. अळीने कुरतडलेले मक्याचे पान जो वास सोडते, त्या वासावरून परजीवी माश्या तिथपर्यंत पोचतात, हे १९९० पासून चांगले प्रस्थापित आहे. पीक बदलले की तो वासही बदलू शकतो. लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्या मक्यात आली तेव्हापासून ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस रेमस या दोन्ही अंडी-परजीवी माश्यांची शिफारस होते आहे, आणि त्याच मक्यात पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी अॅट्राझीन व टेंबोट्रायोन या तणनाशकांची फवारणीही होते. लष्करी अळीचे पतंग अंडी घालू लागतात तेही याच सुमारास. उसातला प्रश्न मक्यात अधिक थोड्या दिवसांत उभा राहतो, एवढाच फरक.

विदर्भाबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण तिथल्या मित्रांकडून जे ऐकतो त्याने काळजी वाटते. मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे, ज्याला लोक 'चोर बीटी' म्हणतात, २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी उघडपणे पेरले. ते योग्य की अयोग्य हा या पत्राचा विषय नाही. पण जिथे ते पेरले जाते तिथे फवारणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबत नाही, ती संपूर्ण शेतावर, उभ्या पिकात होते. गुलाबी बोंडअळीसाठी जी ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्रीची कार्डे सुचवली जातात, ती याच पिकात टाचायची असतात.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण या पत्राचा अर्थ तणनाशकबंदी असा काढला जाईल, आणि तो मला अभिप्रेत नाही. खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी लहान शेतकऱ्याच्या हिशोबात बसत नाही, आणि वाकून दिवसभर खुरपणारी बहुतेक बाईच असते, तिच्या कमरेचा हिशोब कोणी मांडत नाही. तणनाशकाने तिचे कष्ट वाचले आहेत. शिवाय सगळीच तणे मित्र नसतात. कापसावरचा पिठ्या ढेकूण गाजरगवतावर आणि पेटारीवर वाढतो, पांढरी माशीही बांधावरून पिकात येते. मात्र त्याच पिठ्या ढेकणाला आपल्या राज्यात मोठ्या प्रमाणात आवरले ते अॅनॅसियस या परजीवी माशीने, आणि ती माशीही त्याच तणांवरच्या ढेकणात वाढून पिकात आली. तेव्हा कोणते तण ठेवावे, कुठे ठेवावे, कधी काढावे, हे विचारपूर्वक सांगण्याचा प्रश्न आहे. सरसकट सगळे जाळून टाकणे किंवा सरसकट सगळे वाढू देणे, यांपैकी कशालाही सल्ला म्हणता येणार नाही.

आपल्या भागाला या माश्यांचे मोल समजावून सांगायची गरज नाही, असे मला एके काळी वाटत असे. २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला तेव्हा पानांवर पांढरी बुरशी पडल्यासारखे फड दिसत. वरून फवारायला उंच ऊस आवाक्यात येईना. शेवटी कामी आले ते मावा खाणारे मित्रकीटक, म्हणजे डिफाच्या अळ्या व मायक्रोमस, आणि ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्यूटेलम ही परजीवी माशी. लोकांनी मित्रकीटक असलेली पाने पिशव्यांतून एका फडातून दुसऱ्या फडात नेली. त्या वेळी कृषी विभाग, विद्यापीठे, कारखाने आणि शेतकरी यांनी एकच भाषा बोलली : मित्रकीटक दिसत असतील तर कीटकनाशक मारू नका. ती शिस्त लोकांनी पाळली, कारण ती एकाच तोंडाने सांगितली गेली होती.

द्राक्ष बागायतदाराला हेही चटकन समजेल. शेजारच्या उसात मारलेल्या २,४-डीचा वारा बागेला लागला की पाने पंख्यासारखी आकसून वाकडी होतात, आणि दोन दिवसांत पंचनाम्याची मागणी होते. माशीच्या बाबतीत तसा पुरावा उभा राहत नाही. ती मेली की दिसत नाही, आणि ती नसल्याचे महिनाभराने खोडकिडीच्या वाढलेल्या पोंग्यांवरून कळते. तेव्हा शेतकरी म्हणतो, कार्डाचा काही उपयोग होत नाही. पुढच्या वर्षी तो कार्ड घेत नाही, दाणेदार कीटकनाशक टाकतो. कार्डावरचा हा विश्वास असा गुपचूप उडतो आहे, आणि माझी सर्वांत मोठी चिंता तीच आहे.

आता मागणीकडे येतो. युरोपात कोणतेही पीकसंरक्षक औषध, मग ते तणनाशक का असेना, नोंदवताना दोन नमुना-जीवांवर तपासले जाते : धान्यावरच्या माव्यात वाढणारी अॅफिडियस रोपॅलोसिफी ही परजीवी माशी आणि टिफ्लोड्रोमस पायरी हा परभक्षी कोळी. जैविक नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने यासाठी चाचण्यांची पद्धत आणि चार पायऱ्यांची मोजपट्टी केव्हाच ठरवून दिली आहे. प्रयोगशाळेतील चाचणीत मित्रकीटकाची कार्यक्षमता ३० टक्क्यांहून कमी घटली तर औषध निरुपद्रवी, ३० ते ७९ टक्के घटली तर किंचित घातक, ८० ते ९९ टक्के तर मध्यम घातक, आणि ९९ टक्क्यांच्या वर गेली तर घातक. काचेच्या पट्टीवर औषध वाळवून त्यावर माश्या सोडायच्या, त्यांना अंडी द्यायची आणि किती अंडी काळी पडली ते मोजायचे, एवढी ही साधी चाचणी आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे आणि जैविक कीड नियंत्रणाच्या अखिल भारतीय प्रकल्पाच्या पुण्यातील केंद्राकडे यासाठी लागणारे ज्ञान आहे, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे तणनाशकांचे आहे. अशा चाचण्या आपल्याकडे झाल्याच नाहीत असे माझे म्हणणे नाही. त्यांचे निष्कर्ष संशोधनपत्रिकेतून निघून शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर आले पाहिजेत, हे माझे म्हणणे आहे.

म्हणून उसात, मक्यात, कापसात आणि सोयाबीनमध्ये राज्यात सर्वाधिक वापरली जाणारी तणनाशके, बाजारात मिळणाऱ्या त्यांच्या प्रत्यक्ष रूपांत आणि शिफारशीच्या मात्रेत, ट्रायकोग्रामा चिलोनिस, टेलेनोमस रेमस आणि कॅम्पोलेटिस या तिघींवर तरी तपासावीत. तपासणीनंतर शिफारस-पुस्तिकेतल्या तणनाशकांच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा : मित्रकीटकांसाठी कोणत्या पायरीचे, आणि कार्ड लावण्याच्या किती दिवस आधी किंवा नंतर मारावे. हे काम कीटकशास्त्र आणि कृषिविद्या या दोन्ही विभागांनी एकत्र सही करून करावे. एका विभागाने दुसऱ्याला पत्र पाठवून नव्हे.

तोवर काही गोष्टी सांगायला चाचणीची वाट पाहावी लागत नाही. लागणीनंतर तीन-चार दिवसांत जमिनीवर मारलेले अॅट्राझीन किंवा मेट्रिब्युझिन हे खोडकिडीची अंडी येण्याच्या आणि कार्ड लावण्याच्या पुष्कळ आधीचे असते, त्यामुळे ज्याला तणनाशक मारायचेच आहे त्याने ते तेव्हा मारावे आणि नंतरच्या तणांसाठी कोळपणी किंवा खुरपणी करावी, असे आपण आजही म्हणू शकतो. उगवणीनंतर फवारावेच लागले तर आधी फवारणी, मग कार्ड, असा क्रम सांगता येईल. नोझलला टोपी लावून सरीतच फवारण्याचा सल्ला तर पिकाच्या भल्यासाठीही दिला जातो, त्याला हे दुसरे कारण जोडावे. बांधाबाबत माझी विनंती अशी की एका वेळी बांधाची एकच बाजू कापावी आणि दुसरी फुलू द्यावी, तणनाशक तिथे मारू नये, आणि जिथे शक्य आहे तिथे चवळी, शेपू किंवा बडीशेप यांची एक ओळ टाकावी, असा सल्ला कृषी सहायकांनी गावोगावी द्यावा. 'स्वच्छ बांध' हे कौतुकाचे शब्द शेतीशाळेतून आणि पीकस्पर्धांच्या गुणपत्रिकेतून काढून टाकावेत.

कृषी सहायकांचे प्रशिक्षण हा मुद्दा मी वेगळा लिहितो, कारण सगळे शेवटी तिथे येऊन थांबते. गेल्या काही वर्षांत अनेक प्रशिक्षणांना मी बोलावला गेलो, माझी कार्डे दाखवायला. सकाळच्या सत्रात जैविक नियंत्रण आणि दुपारच्या सत्रात तणनाशकांचे नियोजन, असा बहुधा क्रम असतो. दोन्ही वक्ते आपापल्या विषयात तयार असतात. पण सकाळचा वक्ता जेवून निघून जातो आणि दुपारचा जेवणानंतर येतो. त्या दोघांनी एकदा, केवळ एकदा, एकाच फळ्यासमोर उभे राहून उसाच्या पहिल्या साठ दिवसांचे वेळापत्रक आखावे, आणि सहायकांनी ते उतरवून घ्यावे, एवढे जरी या हंगामात झाले तरी माझ्या भागातल्या शेतकऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

चाचण्यांसाठी लागणारी ताजी कार्डे मी विनामूल्य द्यायला तयार आहे. एकाच दिवशी, एकाच पिढीची, हव्या तितक्या संख्येने, आणि बरोबर कॉर्सीराची न काळवंडलेली अंडीही. सुरू हंगामासाठी लागणारी माझी नवी पाकिटे नोव्हेंबरअखेर छापायला जातात. चिठ्ठीवर कीटकनाशकाच्या ओळीखाली मी या वेळी एक ओळ कोरी ठेवतो आहे. तणनाशकाबद्दल तिथे काय छापावे, हे आपण त्याआधी कळवावे.

आपला नम्र,
ट्रायकोकार्ड निर्मितीचे काम करणारा एक कारागीर,
जिल्हा सांगली